पाडव्याची गोळी आणि मधले चौदा दिवस

गुढीपाडव्याच्या सकाळी आमच्याकडे पहिला आवाज व्हायचा तो खलबत्त्याचा. कडुनिंबाची कोवळी, तांबूस पानं, मिळालाच तर पांढऱ्या फुलांचा एखादा तुरा, भिजलेली हरभऱ्याची डाळ, ओवा, जिरं, हिंग, मीठ, मिरी, थोडी चिंच आणि गूळ. गुळाच्या बाबतीत आजीचा हात आखडता असे. गोळी जिभेला लागू न देता पाण्याबरोबर ढकलायला गेलं की ती हटकून पकडायची. "चावून खा. नुसती गिळलीस तर काय उपयोग? वर्षभराचं रक्त शुद्ध होतं त्यानं."

पुढच्या दोन तासांत पानात श्रीखंड यायचं. सुपारीएवढी कडू गोळी, त्यावर वाटीभर श्रीखंड, मग आग्रहाची आणखी अर्धी वाटी. लहानपणी हा सौदा फायद्याचा वाटायचा. पुढे वाग्भटाचं 'अष्टांगहृदय' वाचायला घेतलं तेव्हा तिसऱ्या अध्यायात, ऋतुचर्येत, अडखळलो. वसंत ऋतूत काय टाळावं याची यादी तिथे आहे: जड, थंड, स्निग्ध, आंबट आणि गोड. हे पाचही गुण एकाच वाटीत बघायचे तर श्रीखंडाइतकं नेमकं उदाहरण सापडणार नाही. ते खाल्ल्यावर येणारी दुपारची झोपसुद्धा त्याच यादीत आहे.

थट्टा सोडा. पण उन्हाळ्याच्या तोंडावर शरीर 'साफ' करून घ्यायचं ही कल्पना आपल्याकडे इतकी मुरलेली आहे, की ती नेमकी कुठून आली आणि तिच्यात कितपत तथ्य आहे हे फारसं कुणी तपासत नाही. आजीची गोळी, आजोबांचं एरंडेल, वैद्यांचं वमन आणि हल्ली फेब्रुवारी उजाडला की मोबाइलवर सुरू होणाऱ्या 'तीन दिवसांत डिटॉक्स'च्या जाहिराती, सगळं एकाच पोत्यात भरलं जातं. ते थोडं उपसून बघू.

आयुर्वेदाची मांडणी साधी आहे. थंडीत भूक चांगली लागते, आपण तूप-उडीद-तीळ-गूळ रिचवतो, हालचाल कमी असते. या दिवसांत शरीरात कफ साठतो. तो घट्ट असतो तोवर त्रास देत नाही. मग ऊन तापायला लागतं आणि हिवाळ्यात फडताळात थिजलेलं तूप जसं आपोआप पातळ होतं तसा हा कफ पाघळतो आणि जठराग्नी विझवतो. शिमग्याच्या सुमारास सर्दी-खोकला, डोकं जड, तोंडाला चव नाही, जेवल्यावर पेंग, हे ज्यांना दरवर्षी होतं त्यांना हे वर्णन वाचून आपलंच कुणीतरी लिहिलंय असं वाटेल. 'कफ' म्हणजे प्रयोगशाळेत मोजता येणारा एक पदार्थ नव्हे. या हंगामात हवेत वाढणारे परागकण, दिवस-रात्रीच्या तापमानातली तफावत आणि थंडीभर वाढलेलं वजन यांकडे आजचा डॉक्टर बोट दाखवेल. निरीक्षण मात्र खरं आहे.

यावर उपाय काय? जुनं धान्य खावं, त्यातही जव आणि गहू. मध घ्यावा. व्यायाम करावा. अंगाला उटणं कोरडं चोळावं. दुपारी झोपू नये. आणि ज्यांना झेपेल त्यांनी वैद्याच्या देखरेखीखाली वमन करावं. एवढंच. उपाशी राहा असा सरसकट आदेश यात नाही.

आणि वसंत म्हणजे नक्की कधी? पंचांग चैत्र-वैशाख सांगतं. पण चंद्रपूर-अकोल्याच्या माणसाला चैत्र-वैशाखाला वसंत म्हणून दाखवा, तो हसेल. वैशाखात तिथे पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो. गंमत म्हणजे ही अडचण सुश्रुतालाही ठाऊक असावी. सुश्रुतसंहितेत ऋतूंची एक नव्हे, दोन कोष्टकं आहेत. एक नेहमीचं. दुसऱ्यात फाल्गुन-चैत्र हा वसंत आणि वैशाख-ज्येष्ठ हा ग्रीष्म. आणि दोष केव्हा साठतात, केव्हा उसळतात, केव्हा बाहेर काढायचे, याचा हिशेब या दुसऱ्या कोष्टकाला धरून आहे. महाराष्ट्राच्या हवामानाला ते चपखल बसतं. म्हणजे शुद्धीचं जे काही करायचं ते होळीच्या मागेपुढे. आंबे उतरायला लागले की त्याची वेळ टळली.

आता लंघन. या शब्दाचा अर्थ आपण उपवास इतकाच करून टाकला आहे. चरकाच्या सूत्रस्थानात बाविसावा अध्याय याच विषयावर आहे आणि तिथे लंघनाचे दहा प्रकार दिले आहेत: वमन, विरेचन, निरूह बस्ती, नस्य ही चार शोधनं; मग तहान रोखणं, वारा घेणं, ऊन घेणं, पाचन, उपवास आणि व्यायाम. ज्यानं शरीराला हलकेपणा येतो ते सगळं लंघन. सकाळी पर्वती चढून उतरणाऱ्या माणसानं लंघनच केलेलं असतं, मग घरी येऊन त्यानं दोन पोळ्या खाल्ल्या तरी.

याच अध्यायात पुढे, लंघन कुणी करावं हे सांगून झाल्यावर, उलट बाजू येते: कुणाचं लंघन करू नये, कुणाला पोसावं. क्षीण झालेले, कृश, म्हातारे, दुबळे, सतत प्रवास करणारे. आणि या यादीत एक ऋतूही आहे. ग्रीष्म. उन्हाळ्यात माणसाला पोसायचं असतं, उपाशी ठेवायचं नसतं. 'उन्हाळ्यासाठी आयुर्वेदिक उपवास' म्हणून एप्रिल-मे महिन्यात जे काही विकलं जातं त्याला चरकानं दोन हजार वर्षांपूर्वीच फुली मारून ठेवली आहे, हे विकणाऱ्यांनी वाचलेलं दिसत नाही.

वमन मी एकदा जवळून पाहिलं आहे. पुण्यातल्या एका मित्राला दरवर्षी मार्चमध्ये शिंकांचा आणि दम्याचा त्रास व्हायचा. त्याच्याबरोबर सोबतीला म्हणून गेलो. आधीचे पाच दिवस तो सकाळी औषधी तूप पीत होता, रोज थोडं जास्त. पाचव्या दिवशी तुपाचं नाव काढलं तरी त्याचं तोंड वाकडं व्हायचं. तेच अपेक्षित होतं म्हणे. मग अंगाला तेल, वाफ. आदल्या संध्याकाळी मात्र चंगळ: दहीभात, उडदाचे वडे, जिलबी. कफ मुद्दाम चाळवायचा असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्याला गुडघ्याएवढ्या खुर्चीवर बसवलं. रक्तदाब घेतला, नाडी पाहिली. पोट गच्च होईस्तोवर दूध पाजलं. मग गेळफळाचं चूर्ण, वेखंड, सैंधव, मध यांचं चाटण. आणि मग वाट पाहणं. कपाळावर घाम आला, अंगावर काटा आला, तोंडाला पाणी सुटलं. एक मदतनीस पाठ चोळत होता, दुसरा कपाळ धरून. ज्येष्ठमधाचा काढा तांब्यानं पाजत होते आणि वैद्य कागदावर वेग मोजत होते. उत्तम शुद्धीला आठ वेग, मध्यमला सहा, हलक्याला चार, असा हिशेब असतो. मित्राचे सहा झाले. शेवटी पिवळं, कडू पित्त दिसलं तेव्हा वैद्यांनी हात वर केला. "झालं. आज फक्त पेज."

त्यानंतरचे पाच दिवस मला सगळ्यात महत्त्वाचे वाटले. आधी पातळ पेज, मग दाट, मग मुगाचं बिनफोडणीचं कढण, मग फोडणीचं, मग कुठे नेहमीचं जेवण. जणू बाळाला उष्टावण करून वर्षभरात वरणभातावर आणतात तोच प्रवास आठवड्यात. याला संसर्जन क्रम म्हणतात. मित्राच्या शिंका त्या वर्षी कमी झाल्या. एका माणसाचं एक वर्ष. यावरून काहीच सिद्ध होत नाही, आणि त्यालाही ते कळतं. पण ज्या काळजीनं ते केलं गेलं ती बघितल्यावर मोबाइलवर बघून मिठाचं कोमट पाणी पिऊन घरच्या मोरीत ओकाऱ्या काढणाऱ्यांची धास्ती वाटते. जोरानं ओकताना अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला चीर जाऊन रक्तस्राव होऊ शकतो. रक्तातल्या क्षारांचा तोल गेला तर हृदयाचे ठोके बिघडतात. हृदयविकार, रक्तदाब, अल्सर, गर्भारपण, म्हातारपण, बालपण यांपैकी काहीही असेल तर वैद्यही वमन देत नाहीत.

आजोबांचं एरंडेल याच घराण्यातलं, पण अडाणी चुलतभावासारखं. पूर्वी मे महिन्याची सुट्टी लागली की एका रविवारी घरातल्या सगळ्या पोरांना ओळीनं बसवून ते पाजलं जायचं, नाक दाबून, वर सुंठीचा काढा. दिवसभर परसाकडे खेपा. एरंडेल आतड्यात गेलं की त्यातून रिसिनोलेइक आम्ल सुटतं आणि ते आतड्याच्या स्नायूंना आकुंचन पावायला लावतं. पोट रिकामं होतं, यात शंका नाही. पण बाहेर पडतं ते मल, पाणी आणि क्षार. हल्लीच्या 'फ्लॅट टमी' चहांत सोनामुखी असते, तिचं काम याच जातीचं. दुसऱ्या दिवशी वजनकाट्यावर किलोभर कमी दिसतं ते पाण्याचं. आणि भर मे महिन्यात पोराच्या अंगातलं पाणी काढून टाकायचं हा शुद्धीचा कसला मुहूर्त?

मग रक्त शुद्ध करतं कोण? दोन अवयव, आणि ते पाडव्याची वाट बघत नाहीत. दीड किलोचं यकृत आणि मुठीएवढी दोन मूत्रपिंडं. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा परत घेतात. रक्तातला द्रव जेमतेम तीन लिटर असतो, म्हणजे तो दिवसात साठेक वेळा गाळला जातो. प्रथिनं मोडताना तयार होणाऱ्या अमोनियाचं यकृत युरियात रूपांतर करतं. दारू, औषधं, काय येईल ते पाण्यात विरघळेल अशा रूपात आणून पुढे ढकलतं. ही यंत्रणा बिघडली तर डायलिसिससारखे उपचार लागतात, काकडीचा रस पुरत नाही. आणि ती ठीक असेल तर तिला मदतीची गरजच नसते, फक्त पाणी वेळेवर मिळायला हवं.

कडुनिंबाबद्दल दोन शब्द. १९४२ साली सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी कडुनिंबाच्या तेलातून निंबीन हा कडू पदार्थ वेगळा केला आणि तेव्हापासून या झाडातून शेकड्यांनी संयुगं सापडली आहेत. किडीवर त्यांचा प्रभाव चोख आहे. आपण तांदळाच्या डब्यात पाला घालतो तो उगीच नाही. पण वर्षातून एकदा खाल्लेली सुपारीएवढी गोळी रक्तात काही कायमचं करून ठेवेल असं मानायला आधार नाही. आजीला मी हे कधीच सांगितलं नसतं. कडू चव जिभेवर आली की तोंडाला पाणी सुटतं, भूक चाळवते, हे मात्र कुणीही अनुभवू शकतं, आणि 'चावून खा' हा तिचा आग्रह त्या अर्थी बरोबरच होता. फक्त एक: तान्ह्या बाळांना कडुनिंबाचं तेल कधी पाजू नका. त्यानं बाळं दगावल्याच्या नोंदी आहेत.

आता उपवासाकडे. जेवण थांबल्यावर पहिल्या दिवसात शरीर यकृतातला साठा वापरतं. साखरेचा हा साठा साधारण शंभर ग्रॅम, आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर तिप्पट पाणी बांधलेलं असतं. साठा संपला की ते पाणी सुटतं. दुसरीकडे रक्तातलं इन्सुलिन खाली येतं आणि इन्सुलिन कमी झालं की मूत्रपिंडं मीठ धरून ठेवत नाहीत, लघवीवाटे सोडून देतात. मिठाच्या मागे पाणी जातं. शिवाय रोज आपण जे पाणी घेतो त्यातला पाचवा हिस्सा तरी अन्नातून येतो, तोही बंद. उपवासाच्या दुसऱ्या दिवशी जो हलकेपणा वाटतो, अंगठी सैल होते, तो बराचसा याचा परिणाम आहे. फेब्रुवारीच्या गारव्यात एखाद्या धट्ट्याकट्ट्या माणसाला हे सहज परवडतं. पण ज्या दिवशी घामावाटे दोन-तीन लिटर पाणी आणि मीठ जाणार आहे त्या दिवशी आतूनही मिठाचा नळ उघडा ठेवणं म्हणजे दुहेरी गळती.

उपवासाच्या बाजूनं हल्ली योशिनोरी ओसुमी यांचं नाव घेतलं जातं. पेशी स्वतःचे जुने, मोडके भाग गिळून पुन्हा वापरतात, त्या प्रक्रियेच्या संशोधनासाठी त्यांना २०१६ चं नोबेल मिळालं. उपासमारीत ही प्रक्रिया जोर धरते, हेही खरं. पण त्यांचं पायाभूत काम यीस्टवरचं आहे. जिवंत माणसाच्या कोणत्या अवयवात किती तासांच्या उपवासानं ती किती वाढते, हे मोजणारी साधी तपासणी आज दवाखान्यात नाही. 'सोळा तासांनी पेशींची सफाई सुरू' असं घड्याळ लावून सांगणाऱ्यापासून सावध राहावं.

आपला घरगुती उपवास अर्थात या वादाच्या बाहेरच आहे. एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण उगाच पडलेली नाही. उपवासाचं ताट एकदा नीट बघा. कसाव्याच्या कंदापासून होणारा साबुदाणा, शेंगदाणा, बटाटा, रताळं, हिरवी मिरची, राजगिरा. ही सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातली, कोलंबसानंतर समुद्रमार्गे आलेली. वाग्भटानं यातलं एकही बघितलेलं नव्हतं. सोवळ्यातल्या आजीबाईंनी परदेशी पाहुण्यांना असं थेट उपवासाच्या पंक्तीला बसवून घेतलं याचं मला कौतुक वाटतं, पण तुपातली खिचडी, त्यावर बटाट्याचा कीस आणि वर दाण्याचा लाडू याला लंघन म्हणता येणार नाही. त्या ताटातली अस्सल इथली म्हणजे भगर आणि शिंगाडा. भगर हलकी, पण ती जुनी, दमट जागेतली, पीठ करून ठेवलेली घेऊ नका. तिच्यावर वाढणाऱ्या बुरशीच्या विषानं उपवासाच्या दिवसांत विषबाधा होण्याच्या बातम्या महाराष्ट्रात दरवर्षी येतात.

खऱ्याखुऱ्या हंगामी लंघनाचं शिस्तशीर रूप बघायचं तर जैनांच्या ओळीकडे बघावं. चैत्रात आणि अश्विनात, शुद्ध सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत नऊ दिवस आयंबिल. दिवसातून एकदा, एका जागी बसून, उकडलेलं धान्य किंवा कडधान्य. तूप नाही, तेल नाही, दूध-दही नाही, साखर-गूळ नाही, फळ नाही, हिरवी भाजी नाही. पाणी उकळलेलं, तेही सूर्यास्तापूर्वी. या व्रताचा हेतू आध्यात्मिक आहे आणि तो तसाच समजून घ्यावा. तरी दोन गोष्टी नजरेत भरतात. ऋतू पालटण्याच्या दोन्ही वेळा त्यानं बरोबर पकडल्या आहेत, आणि त्यात माणूस उपाशी राहत नाही. एक वेळ पोटभर, पण रुक्ष आणि हलकं खातो. कोकणी ख्रिस्ती घरांत ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांत मांस सोडण्याची रीत याच दिवसांत येते. रमजान मात्र ऋतूला बांधलेला नाही. चांद्रवर्षाबरोबर तो तेहेतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो, आणि निर्जळ रोजा उन्हाळ्यात आला की काय होतं ते ज्यांनी शेतात किंवा भट्टीवर काम करत रोजे धरले आहेत त्यांना विचारावं.

मग उन्हाळ्यासाठी शरीर तयार कसं होतं? उत्तर ऋतुचर्येच्या त्याच अध्यायाच्या शेवटी आहे आणि ते कुणी फारसं सांगत नाही, कारण त्यात विकण्यासारखं काही नाही. सरत्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येत्या ऋतूचे पहिले सात दिवस, या चौदा दिवसांना वाग्भट ऋतुसंधी म्हणतो. या काळात जुन्या सवयी हळूहळू सोडायच्या आणि नव्या हळूहळू धरायच्या. एकदम सोडलं किंवा एकदम धरलं तर तेच रोगाचं कारण होतं, असा इशाराही आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींत हाच धडा फार महागात शिकला गेला. जमिनीखाली खोल, उकाड्यात आणि दमटपणात नवे मजूर कामाला लावले की उष्माघातानं मरायचे, तेही बहुतेक पहिल्या काही दिवसांत. मग त्यांना थोडं थोडं काम वाढवत उष्णतेत रुळवायला सुरुवात झाली आणि मृत्यू घटले. आज शरीरशास्त्र सांगतं की धडधाकट माणसाला उष्णतेशी जुळवून घ्यायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. पहिल्या तीन-पाच दिवसांत रक्तातला द्रव वाढतो, त्यामुळे त्याच कामाला हृदयाचे ठोके कमी पडतात. मग घाम लवकर आणि जास्त यायला लागतो. आणि त्यानंतरचा बदल सगळ्यात नामी: घाम अळणी होतो. घामाच्या ग्रंथी मीठ परत शोषून घ्यायला शिकतात. उन्हाळ्याच्या सुरुवातीला काळ्या शर्टावर पांढरे डाग उमटतात आणि तोच माणूस तेच काम करत असताना मे महिन्यात ते फिके पडतात, ते यामुळे.

वाग्भटाचे चौदा आणि शरीरशास्त्राचे सात ते चौदा हा आकडा जुळला म्हणून मी नाचणार नाही. त्याच्यापुढे ना रक्ताची तपासणी होती ना घामाची. पण माणसांकडे वर्षानुवर्षं बघत राहिल्यावर असे आकडे सापडतात.

या जुळवणीसाठी शरीराला पाणी आणि मीठ लागतं. त्याच पंधरवड्यात उपाशी राहून, जुलाब घेऊन, मीठ सोडून बसलं तर रक्तातला द्रव वाढणार कुठून? आणि दिवसभर एसीत बसलं तर जुळवणी सुरूच होत नाही. कचेरी एसी, गाडी एसी, निजायची खोली एसी, आणि मग एखाद्या रविवारी भर दुपारी लग्नाची वरात. त्या माणसाचं शरीर अजून जानेवारीतच असतं. हंगामाच्या सुरुवातीचं ऊन म्हणूनच जास्त घातक. नवी मुंबईत खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमात उष्माघातानं चौदा जण गेले, तेव्हा पारा चाळिशीच्या आतच होता. समुद्राजवळच्या दमट हवेत घाम वाळत नाही, आणि वाळला नाही तर तो अंग थंड करत नाही.

एका बाबतीत जुन्या ग्रंथाची आणि नव्या शास्त्राची फारकत होते, ती लपवण्यात अर्थ नाही. ग्रीष्मात खारट, तिखट, आंबट टाळा असं वाग्भट म्हणतो. साखर घातलेलं थंड सातूचं पीठ खा म्हणतो. घामानं निथळणाऱ्या शेतमजुराला आजचा डॉक्टर मीठ सोडायला सांगणार नाही. आणि आपल्या बायकांनी या भांडणात कधीचाच निकाल देऊन टाकला आहे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला काय असतं? कैरीचं पन्हं आणि आंब्याची डाळ. आंबट, खारट, जोडीला गूळ. आतड्यात साखर आणि मीठ हातात हात घालून आत शिरतात आणि पाण्याला ओढून नेतात, या तत्त्वावर १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यानं पटकीचे हजारो रुग्ण वाचवले. पन्हं म्हणजे काही जलसंजीवनी नव्हे, त्यात गूळ फार असतो. पण चिमूटभर मीठ विसरू नका. जुलाब झाले तर मात्र पन्ह्यावर विसंबू नये: लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

तेव्हा करायचं काय? होळीपासून रात्रीचं जेवण हलकं आणि लवकर करावं. ज्वारीची भाकरी, मूग, पालेभाजी, ताक. उडीद, तळण, पेढे-बर्फी यांना रजा. ज्याचं वजन जास्त आहे, ज्याला जेवल्यावर सुस्ती येते त्यानं आठवड्यातून एखादं रात्रीचं जेवण सोडायला हरकत नाही. सकाळी, मग हळूहळू थोडं उशिरा, रोज चालावं. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं, पंधराव्या दिवशी साठ. घाम येऊ द्यावा. एसीचा आकडा दोनानं वाढवावा. माठ काढून त्यात वाळ्याची जुडी सोडावी. नाचणीची किंवा ज्वारीची आंबील रात्री भिजवून सकाळी प्यावी, मीठ आणि ताक घालून.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी, मूतखडा, मूत्रपिंडाचा आजार, गर्भारपण, सत्तरीच्या पुढचं वय. यांपैकी काही असेल तर उपवासाचा बेत आधी डॉक्टरांच्या कानावर घाला. विशेषतः गोळी तीच आणि जेवण नाही, यातून साखर इतकी झपाट्यानं उतरते की माणूस देवघरातच बेशुद्ध पडतो. नवस फेडायचा असेल तर देव फळं-दूधही चालवून घेतो.

अक्षय्य तृतीयेला वर्षीतप करणारे जैन उसाच्या रसानं पारणं करतात, खानदेशात आखाजीला घागर भरतात, आपल्याकडे पाण्यानं भरलेला माठ दान देतात. त्या दिवसापासून पुढे सगळा भर पाजण्यावर आहे. त्यानंतरच्या उन्हात वजन उतरवायचं म्हणून उपवास सुरू करणार असाल तर जरा दम धरा. आषाढी एकादशी काही फार लांब नसते.